सिंथसाठी घरचा पॉवर सप्लाय: कोकणातल्या व्होल्टेजला आणि हवेला पुरून उरणारे कपॅसिटर

सिंथेसायझर घरी बांधायला घेतला की पॉवर सप्लायच्या कपॅसिटरबद्दल पहिला प्रश्न एकच येतो: किती मायक्रोफॅरॅडचा (हे त्याच्या वीज साठवण्याच्या क्षमतेचं माप) घेऊ? कुणीतरी ‘४७०० टाक’ म्हणतो आणि शहरात ते बऱ्याचदा खपूनही जातं. देवगड, गुहागर किंवा वेंगुर्ल्याच्या वाडीत मात्र संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं आणि मध्यरात्री २५० च्या पुढे जातं. तिथे ऐकीव आकड्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मते कपॅसिटर दोन वाईट वेळा धरून निवडावा. त्याची क्षमता ठरवायची ती सर्वांत कमी व्होल्टेज आणि पूर्ण लोड (सिंथ ओढतो तो करंट) धरून. त्याचं व्होल्टेज रेटिंग ठरवायचं ते सर्वांत जास्त व्होल्टेज आणि शून्य लोड धरून. या दोन्हींच्या मधला सरासरी दिवस हिशेबात घ्यायचाच नाही.

इथे मी युरोरॅक पद्धतीच्या मोड्युलर (सुटे मोड्युल जोडून बनवलेल्या) सिंथसाठी लागणारा +१२ आणि −१२ व्होल्टचा लिनिअर सप्लाय धरतो आहे: ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, मोठे फिल्टर कपॅसिटर, आणि व्होल्टेज +१२ व −१२ वर स्थिर धरणाऱ्या ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटर आयसी. १५ व्होल्टच्या सिंथलाही पद्धत हीच, आकडे तेवढे वर सरकतात.

आणि ही यातायात कशासाठी, तर सुरासाठी. बहुतेक मोड्युलर सिंथमध्ये एका व्होल्टला एक सप्तक असं माप असतं. सप्तकात १२०० सेंट (सुराचे बारीक भाग), म्हणजे एक मिलिव्होल्ट हलला की सूर १.२ सेंटनं सरकतो. ज्या ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या मोड्युलचा) संदर्भ थेट १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतलेला असतो, तिथे सप्लायचा आजार सरळ सुरात उतरतो. भजनात पेटीच्या शेजारी सिंथवर षड्ज धरून ठेवायचा विचार असेल तर हे आणखी बोचतं. पेटीचे सूर जागचे हलत नाहीत, त्यामुळे हलतंय कोण ते सगळ्यांना लगेच कळतं.

आधी घरचं व्होल्टेज मोजा

मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीच्या रेंजवर ठेवा आणि ज्या प्लगवर सिंथ लागणार आहे तिथेच आठवडाभर मोजा. संध्याकाळी सात ते नऊ, रात्री बारानंतर, आणि पंप चालू असताना. जमलं तर गणपतीतही मोजा. चाकरमानी घरी आले, घराघरात रोषणाई, मिक्सर आणि माईक लागले की वर्षातला खरा तळ तेव्हा दिसतो. प्रोबच्या टोकांना बोट लागणार नाही, हात आणि पायाखालची जमीन कोरडी असेल, एवढं पाहा. हाती आले पाहिजेत ते दोनच आकडे, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त. पुढच्या हिशेबासाठी मी १९० आणि २५५ धरतो. तुम्ही तुमचे घाला.

त्यानंतर लोड. तुमच्या मोड्युलचे मिलिअँपिअर कागदावर मांडून बेरीज करा. +१२ ची बेरीज जवळजवळ नेहमीच −१२ पेक्षा जास्त निघते, डिजिटल मोड्युल असले तर फारच. जास्त असलेला आकडा घ्या, त्यात तिसरा हिस्सा मिळवा, कारण मोड्युलची संख्या वाढत जाते, कमी होत नाही. उदाहरणासाठी एका बाजूला १ अँपिअर धरू.

ट्रान्सफॉर्मर चुकला तर कपॅसिटर काही करू शकत नाही

१२ व्होल्ट हवेत म्हणून १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर आणणं हा नेहमीचा सापळा आहे. १९० व्होल्टला त्यातून ९.९ व्होल्ट एसी मिळतात, त्यांचं शिखर १४, त्यातून डायोडचा एक व्होल्ट गेला की उरले १३. ७८१२ ला आउटपुटपेक्षा निदान दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे १४. फिल्टरला दहा हजार मायक्रोफॅरॅड लावलेत तरी १३ चे १४ होत नाहीत. कपॅसिटर दोन शिखरांमधली दरी भरतो, शिखराची उंची वाढवत नाही.

म्हणून १५-०-१५ घ्या. १८-०-१८ नं कमी व्होल्टेजची चिंता आणखी मिटते, पण मग रेग्युलेटर भट्टीसारखे तापतात आणि ती उष्णता शेजारच्या कपॅसिटरचं आयुष्य खाते. ट्रान्सफॉर्मरचा अँपिअरचा आकडाही फसवा असतो. कपॅसिटर भरताना करंट सलग येत नाही, झटक्यांनी येतो, त्यामुळे १ अँपिअर डीसी हवा असेल तर सुमारे २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

इन्व्हर्टरचीही गोष्ट इथेच येते. पावसाळ्यात लाइट गेले की आपल्याकडे सगळं इन्व्हर्टरवर, आणि बऱ्याच घरांत अजून स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हच्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ असतं. स्क्वेअर वेव्हमध्ये शिखर आणि आरएमएस (म्हणजे २३० सारखं परिणामी मूल्य) जवळजवळ सारखेच. परिणामी १५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून २१ चं शिखर येण्याऐवजी जेमतेम १४-१५ येतं, डायोडनंतर १३-१४, आणि ७८१२ गुडघे टेकतो. नळाला पाणी जिथवर चढतं तिथवरच टाकी भरते, टाकी मोठी केल्यानं ते वर चढत नाही. अशा इन्व्हर्टरवर सिंथ वाजवायचाच असेल तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच इलाज, कपॅसिटरवर पैसे घालवू नका.

फिल्टर कपॅसिटर: क्षमता

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ब्रिजनंतर सेकंदाला १०० शिखरं मिळतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. दोन शिखरांच्या मध्ये लोडला कपॅसिटर एकटाच पोसतो आणि तेवढ्यात त्याचं व्होल्टेज घसरतं. ही घसरण म्हणजे रिपल. सूत्र साधं आहे: करंट गुणिले वेळ, भागिले क्षमता.

हिशेब उलटा करू. १९० व्होल्टला १५ चे होतात १२.४. शिखर १७.५. डायोडचा एक व्होल्ट वजा, १६.५. ७८१२ ला १४ हवेत, मी अर्धा व्होल्ट पदरी ठेवून १४.५ धरतो. मग रिपलला जागा उरली २ व्होल्टची. १ अँपिअर गुणिले ०.०१ सेकंद भागिले २ व्होल्ट, बरोबर ०.००५ फॅरॅड, म्हणजे ५००० मायक्रोफॅरॅड.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची छापील क्षमता २० टक्के कमी निघू शकते. ४७०० चा ३७६० निघाला तर? प्रत्यक्षात वेळ पुऱ्या दहा मिलिसेकंदांचा नसतो, आठच्या आसपास असतो, त्यामुळे तोही काठावर तगेल. पण काठावर कशाला राहायचं? एका बाजूला ६८०० चा एक, किंवा ३३०० चे दोन समांतर. मी दोन छोटे पसंत करतो, कारण तापण्याचं ओझं वाटलं जातं आणि ठेंगणे असल्यानं बॉक्स उथळ चालतो. लोड अर्धाच अँपिअर असेल तर २५०० चा हिशेब येतो, तिथे ३३०० पुरे.

काही जण १२ व्होल्ट एसीच्या अडॅप्टरवर दोन डायोड लावून हाफ वेव्ह सप्लाय करतात. छोट्या सिंथला ठीक आहे, पण तिथे शिखर दर २० मिलिसेकंदांनी येतं, म्हणून त्याच रिपलसाठी क्षमता दुप्पट लागते. आणि १२ व्होल्टचं रडगाणं वर सांगितलंच आहे. अशा सप्लायवर १०० मिलिअँपिअरच्या फार पुढे जाऊ नये.

बरं, मग सरळ २२,००० च का नको? ७८१२ रिपलला सुमारे ७० डेसिबलनं दाबतो, म्हणजे त्याचा तीन हजारावा भाग करतो. दोन व्होल्टचा रिपल आउटपुटवर पाऊण मिलिव्होल्टही उरत नाही. दरीचा तळ १४ च्या वर राहिला की आणखी क्षमतेनं कानाला काही मिळत नाही. नुकसान मात्र होतं. कपॅसिटर जितका मोठा, तितका भरण्याचा झटका छोटा आणि उंच. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, आणि चालू करताक्षणी डायोडवर मार बसतो. १एन४००७ एका वेळचा ३० अँपिअरचाच धक्का सोसतो, १एन५४०८ मात्र २०० चा. एक अँपिअरच्या सप्लायला १एन५४०८ च वापरा. दोघांच्या किमतीत फरक थोडाच आहे.

तळ १४ च्या खाली गेला की काय होतं तेही ओळखता आलं पाहिजे. आउटपुटमध्ये सेकंदाला शंभर खाचा पडतात. सूर वरखाली होताना ऐकू येत नाही, तो घोगरा होतो आणि खाली १०० हर्ट्झची, पाश्चात्य जी सुराच्या किंचित वरची, गुणगुण बसते. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर फिल्टर कपॅसिटरला दोष देऊ नका. तिथे एखादा डायोड गेलेला असतो, ट्रान्सफॉर्मर ऑडिओच्या तारांना फार जवळ असतो, किंवा ग्राउंडचा फेरा झालेला असतो.

फिल्टर कपॅसिटर: व्होल्टेज

आता दुसरी वाईट वेळ. मध्यरात्र, २५५ व्होल्ट, सगळे मोड्युल काढलेले. बाजारातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १५ व्होल्ट पूर्ण लोडचे असतात. रिकामा असताना तोच १८ देतो. १८ चे २५५ ला होतात २०, शिखर २८ च्या वर, डायोड वजा जाता साडेसत्तावीस. २५ व्होल्टचा कपॅसिटर इथे फुगणारच. ३५ चा चालेल. दुकानात ५० चा मिळत असेल आणि बॉक्समध्ये मावत असेल तर डोळे मिटून ५० चा घ्या. ६३ च्या पुढे मात्र काही साधत नाही, नुसता आकार वाढतो.

−१२ च्या बाजूला कपॅसिटरची अधिक बाजू ग्राउंडला जाते. सोल्डर करण्याआधी हे बोर्डवर पेनानं लिहा. उलटा लागलेला मोठा इलेक्ट्रोलिटिक फटाक्यासारखा फुटतो, आणि पहिल्यांदा चालू करताना आपलं तोंड नेमकं त्याच्यावरच असतं.

तापमान आणि रिपल करंट

कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश लिहिलेलं असतं. त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे डेटाशीटमध्ये असतं, बहुधा २००० तास. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. मे महिन्यात खोलीत ३५ अंश, बंद बॉक्समध्ये आणखी २०, म्हणजे ५५. ८५ अंशवाल्याचे १६ हजार तास होतात, १०५ वाल्याचे ६४ हजार. रोज चार तास वाजवणाऱ्याला पहिलाही दहा वर्षं पुरेल असं कागदावर दिसतं, पण त्यात कपॅसिटरची स्वतःची उष्णता धरलेली नाही. म्हणून १०५ च.

ही स्वतःची उष्णता रिपल करंटमुळे येते. १ अँपिअरच्या लोडला फिल्टर कपॅसिटरमधून सुमारे दीड अँपिअर आरएमएस ये-जा करतो. डेटाशीटमध्ये १०० किंवा १२० हर्ट्झपुढचा आकडा बघा, १०० किलोहर्ट्झचा नव्हे. तो दुसरा आकडा मोठा आणि देखणा असतो, पण स्विचिंग सप्लायसाठी असतो. त्याच कारणानं ‘लो ईएसआर’ (कमी अंतर्गत रोध) असं ठसठशीत छापलेल्या महागड्या मालिकेची इथे गरज नाही.

हीटसिंकपासून कपॅसिटर निदान दोन बोटं दूर ठेवा, आणि वर नव्हे.

रेग्युलेटरजवळचे छोटे कपॅसिटर

७८१२ च्या इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरॅड, पायांपासून शक्यतो सेंटीमीटरभरात. फिल्टर कपॅसिटर लांब असेल तर इनपुटचा टाळूच नका. ७९१२ त्याच्या जुळ्या भावासारखा दिसतो, पण स्वभावानं हट्टी आहे. त्याला इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरॅडचा टँटलम (त्या धातूचा छोटा कपॅसिटर) किंवा दोन्हीकडे २५ चा साधा इलेक्ट्रोलिटिक लागतो. ०.१ वर भागवलंत तर तो ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट आपोआप थरथरू लागतं. मी दोन्हीकडे ४७ मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक आणि समांतर ०.१ चा फिल्म लावतो. टँटलम टाळतो, कारण तो बिघडला की शॉर्ट होतो, कधी पेटतो. वापरणारच असाल तर १२ व्होल्टच्या लाइनवर २५ किंवा ३५ चा घ्या.

एलएम३१७ आणि एलएम३३७ वापरून सप्लाय केलात तर अॅडजस्ट पायाला १० मायक्रोफॅरॅड लावा. त्यानं रिपल दाबण्याची ताकद ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत जाते, सगळ्या सप्लायमधली ही सर्वांत स्वस्त सुधारणा. सोबत दोन संरक्षक डायोड द्या, म्हणजे बंद करताना हे कपॅसिटर आयसीच्या पोटातून रिकामे होणार नाहीत. एलएम३३७ च्या आउटपुटला १० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक हवाच, तो ऐच्छिक नाही.

दुकानात ०.१ ला ‘पॉइंट वन’ म्हणतात आणि सिरॅमिकवर १०४ छापलेलं असतं. सिरॅमिक घ्याल तर एक्स७आर, ५० व्होल्ट. वाय५व्ही लिहिलेला स्वस्त प्रकार १२ व्होल्ट लावताच अर्ध्याहून जास्त क्षमता हरवू शकतो.

मोड्युलच्या बाजूला प्रत्येक लाइनवर १० ओहमचा रेझिस्टर, मग १० मायक्रोफॅरॅड, मग प्रत्येक आयसीपाशी ०.१. बसबोर्डवर (मोड्युलना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) मात्र हजारांचे कपॅसिटर रचू नका. चालू होताना रेग्युलेटरला ते शॉर्टसारखे भासतात आणि एखादी लाइन उठतच नाही. दोन्ही आउटपुटवर ग्राउंडकडे एकेक १एन४००७ उलटा लावला की एक लाइन दुसरीला उलटं ओढणं थांबतं.

२३० च्या बाजूचा एकच कपॅसिटर

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर फ्रिज-पंपाचे खटके अडवायला ०.१ मायक्रोफॅरॅड लावायचा असेल तर त्यावर एक्स२ आणि २७५ व्होल्ट एसी लिहिलेलं असलंच पाहिजे. ४०० किंवा ६३० व्होल्ट डीसीचा साधा फिल्म इथे चालत नाही, कारण एक्स२ बिघडला तरी आग लागू नये अशा चाचणीतून गेलेला असतो. दमट हवेत याच्या आतला धातूचा पातळ थर खात जातो आणि क्षमता हळूहळू घटते. म्हणून ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या चाचणीचा उल्लेख असलेली मालिका शोधा. किनाऱ्यावर तिचे जास्तीचे पैसे वसूल होतात. त्याच्याआधी स्लो-ब्लो फ्यूज, वळवाच्या विजांसाठी एक एमओव्ही (व्होल्टेजचा उसळता झटका शोषणारा भाग), आणि बॉक्सच्या पत्र्याला अर्थिंग. जांभ्याच्या कातळावरचं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडं पडतं. खड्ड्यात पाणी ओतायची जुनी सवय सोडू नका.

पावसाळा आणि खारं वारं

इलेक्ट्रोलिटिक स्वतः बंद डब्यात असतो, त्याला थेट दमटपणा फारसा बाधत नाही. त्याचे पाय, सोल्डर आणि आजूबाजूचा बोर्ड यांना बाधतो. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स जुलैत पाणी धरतो, त्यावर मीठ बसतं आणि तांब्यावर हिरवं चढतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासून कोरडा करा आणि अॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या. मोठ्या कपॅसिटरच्या डोक्यावरची फुलीसारखी खाच मोकळी राहू द्या, ती फुटण्याआधी वाफ सोडण्याची जागा आहे.

मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून चिकटवायचे असतील तर सिरक्यासारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. जुन्या टीव्हीत दिसतो तो पिवळा गोंदही नको, वर्षांनी तो तपकिरी पडतो आणि वीज वाहायला लागतो.

खरेदी

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणं होत असेल तर तिथून, नाहीतर कुरिअरनं. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमिकॉन ही जपानी नावं भरवशाची, आणि त्यामुळेच त्यांच्या नकलाही भरपूर. केरळमधल्या कन्नूरचा सरकारी केल्ट्रॉनही या कामाला उत्तम. नकली माल ओळखायला वजन पाहा: मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर कोंबलेला असतो आणि हातात पोकळ वाटतो. शंका आली तर ज्यात क्षमता आणि ईएसआर दोन्ही दिसतात असा स्वस्त कंपोनंट टेस्टर लावा. ६८०० चा ५४०० पेक्षा कमी दाखवत असेल तर परत करा.

जुन्या अँप्लिफायरमधून काढलेला किंवा कपाटात वर्षानुवर्षं पडलेला कपॅसिटर थेट लावू नये. १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून काही तास हळूहळू व्होल्टेज वाढवत भरला तर आतला ऑक्साइडचा थर पुन्हा बसतो. तरीही तो सिंथमध्ये नको, प्रयोगाच्या पाटावर ठेवा.

चालू करणं आणि तपासणं

पहिल्यांदा ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा सिरीज बोर्ड मध्ये घेऊनच चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच जळत राहिला तर बंद करा. प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर २.२ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा ठेवा, म्हणजे बंद केल्यावर मिनिटभरात तो रिकामा होतो.

मग सिरीज बोर्ड काढून लोड द्या. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब कुठल्याही गॅरेजात मिळतो आणि ०.८ अँपिअर खातो. दोन्ही लाइनवर एकेक लावा. आता मीटर एसी रेंजवर ठेवून फिल्टर कपॅसिटरवर मोजा आणि येईल त्या आकड्याला ३.५ नं गुणा, तो तुमचा शिखर ते दरीचा रिपल. ०.३ दिसले तर साधारण एक व्होल्ट. डीसी रेंजवर तिथेच सरासरी मिळते, तिच्यातून रिपलचा निम्मा भाग वजा केला की दरीचा तळ कळतो. ही मापं संध्याकाळच्या पडलेल्या व्होल्टेजवर घ्या. तळ १४ च्या वर असेल तर काम झालं. नसेल तर आधी ट्रान्सफॉर्मरकडे बघा, मग कपॅसिटरकडे.

हे आकडे तारीख घालून बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. दरवर्षी पावसाळा संपला की त्याच बल्बवर, तेवढंच व्होल्टेज असताना पुन्हा मोजा. रिपल दीडपट झाला, किंवा डब्याचं सपाट डोकं वर उचलल्यासारखं दिसलं, की तो कपॅसिटर संपला. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, कारण दुसऱ्यानंही तेवढेच तास आणि तेवढेच उन्हाळे काढलेले असतात.